रजोनिवृत्तीचा काळ : मनाचे अस्वास्थ्य आणि संप्रेरक उपचार

वीस-बावीस वर्षे शाळेत शिकविणारी, संयमी म्हणून ओळखली जाणारी एखादी शिक्षिका पंचेचाळिशीच्या सुमारास अचानक बदलल्यासारखी दिसू लागते. हजेरीपटातील क्षुल्लक चुकीवरून ती सहकाऱ्यांवर संतापते आणि नंतर त्याचेच वाईट वाटून एकटी रडत बसते. रात्री दोन-अडीचला घामाने अंग भिजून जाग येते, छाती धडधडते, पुन्हा डोळा लागत नाही. घरची माणसे म्हणतात, हिचा स्वभावच बिघडला. शेजारीण दृष्ट काढायला सांगते. दवाखान्यात गेलीच तर रक्तदाब तपासला जातो आणि झोपेची गोळी मिळते. गेल्या सहा महिन्यांपासून पाळी मागेपुढे होत आहे, ही गोष्ट ती होऊन सांगत नाही आणि तिला कोणी विचारीतही नाही.

हा प्रश्न विचारला न जाणे, हीच या विषयातील मोठी अडचण होय. मनाचा हा त्रास स्वभावदोष नव्हे, वेडही नव्हे. त्याला शारीरिक कारण असू शकते व त्यावर उपाय आहेत, ही माहिती आपल्याकडे फारच थोड्या घरांतून पोहोचलेली आहे.

शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ वर्षांच्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांमध्ये ते ४६-४७ च्या सुमारास येते. मात्र मनाला अधिक त्रास होतो तो त्याआधीच्या काही वर्षांत. या संक्रमणकाळात अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक एका संथ गतीने उतरत जात नाही. ते कधी नेहमीपेक्षा वाढते, तर कधी एकाएकी घसरते. मेंदूतील सिरोटोनिनसारख्या, मनाचा तोल सांभाळणाऱ्या द्रव्यांच्या कार्याशी इस्ट्रोजेनचा संबंध असल्यामुळे हे चढउतार काही स्त्रियांना सोसत नाहीत. त्यात अंगातून निघणाऱ्या गरम वाफांनी झोप मोडते, आणि महिनोन्‌महिने झोप मोडलेला कोणताही माणूस चिडखोर होणारच. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात वाफांचा हा त्रास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ राहतो असे आढळले. तीव्र नैराश्याचा धोकाही या काळात आधीच्या तुलनेने दुपटीहून अधिक असल्याचे त्याच अभ्यासातून पुढे आले. पूर्वी, विशेषतः बाळंतपणानंतर, ज्यांना नैराश्य येऊन गेले आहे, त्यांनी तर अधिकच सावध असावे.

अर्थात, सगळाच दोष संप्रेरकांच्या माथी मारणे योग्य नव्हे. मुलीचे लग्न, मुलाची बेकारी, अंथरुणाला खिळलेली सासू, पतीचे व्यसन या गोष्टी नेमक्या याच वयात दारात उभ्या असतात. शिवाय थायरॉईड ग्रंथीचा विकार व रक्तक्षय यांची लक्षणेही जवळजवळ अशीच असल्याने त्यांची तपासणी आधी होणे आवश्यक आहे. उलट, पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्ती जवळ आली की नाही हे पाहण्यासाठी संप्रेरकांची महागडी रक्ततपासणी करण्याची सहसा गरज नसते. पातळी रोज बदलत असल्याने एकदाच काढलेला आकडा दिशाभूल करतो. वय, पाळीची हकीकत आणि लक्षणे यांवरून डॉक्टरांना निदान करता येते.

संप्रेरक उपचाराचा इतिहास मोठा विलक्षण आहे. गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळविलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे १९६०च्या दशकात तर हे चिरतारुण्याचे औषध म्हणून गाजविले गेले. १९७५ मध्ये दिसून आले की, केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीस सोबत प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषध देण्याचा नियम रूढ झाला. तो आजही पाळला गेलाच पाहिजे.

मोठा धक्का बसला तो जुलै २००२ मध्ये. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली दोन्ही संप्रेरकांची चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले. ही बातमी जगभर पसरली आणि स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. परंतु आकडे नीट पाहिले असता चित्र निराळे दिसते. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० होते, ते ३८ झाले. म्हणजे दहा हजारांत आठ अधिक. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील पंचेचाळीस-पन्नाशीच्या स्त्रीचे हे वय नव्हे. ज्यांचे गर्भाशय काढलेले होते व ज्यांना केवळ इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्या स्वतंत्र चाचणीत स्तनाचा कर्करोग वाढला नाही. या फेरविचारानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतील इशाऱ्यांपैकी बहुतेक काढून टाकण्याचे जाहीर केले. केवळ इस्ट्रोजेन घेण्याबाबतचा गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवला. आधी अतिरेकी स्तुती, मग अतिरेकी भीती. या दोहोंच्या हेलकाव्यात ज्यांना खरोखर गरज होती अशा असंख्य स्त्रिया दोन दशके उपचाराविना राहिल्या, ही खेदाची बाब आहे.

आज तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत असे की, साठ वर्षांच्या आत, किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, वाफा व झोपमोड यांचा जाच होणाऱ्या निरोगी स्त्रीस या उपचारात तोट्यापेक्षा लाभ अधिक असतो. गोळीऐवजी त्वचेवरील पट्टी किंवा जेल वापरल्यास रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी राहतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, पायाच्या वा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतील गुठळी किंवा यकृताचा गंभीर विकार झालेला असल्यास हा उपचार सहसा देत नाहीत. कारण न समजलेला रक्तस्राव चालू असल्यास त्याचे निदान आधी व्हावे लागते. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसले तर ‘पाळी परत आली’ म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे. ती तपासणीची तातडीची खूण आहे.

मनाच्या त्रासावर संप्रेरके कितपत गुणकारी आहेत? येथे वेळेला महत्त्व आहे. अमेरिकेतील १७२ स्त्रियांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पाळी जाण्याच्या काळात वर्षभर इस्ट्रोजेनची पट्टी व जोडीला प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रियांत नैराश्याची लक्षणे उद्भवली. औषधाचा केवळ आभास देणाऱ्या गटात हेच प्रमाण ३२ टक्के होते. पाळी जाऊन अनेक वर्षे लोटल्यावर मात्र नैराश्यावर इस्ट्रोजेनचा असा उपयोग होत असल्याचे आढळलेले नाही. म्हणून तीव्र नैराश्यावर नैराश्यविरोधी औषधे आणि विचारपद्धती बदलण्यास साह्य करणारे समुपदेशन हेच मुख्य उपचार होत. संप्रेरके त्यांची जागा घेत नाहीत, जोड देतात. नैराश्यविरोधी औषधांपैकी काहींमुळे वाफाही कमी होतात, त्यामुळे कर्करोगाच्या इतिहासामुळे संप्रेरके वर्ज्य असलेल्या स्त्रियांना त्यांचा दुहेरी उपयोग होतो. तथापि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असल्यास त्याचा प्रभाव कमी करणारी औषधे टाळावी लागतात. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन डॉक्टरांना दाखवावे. शेजारणीला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून घेण्याचा प्रकार तर सर्वथा टाळावा.

महाराष्ट्रापुरता या विषयाचा एक पदर विशेष गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांत तिशी-पस्तिशीच्या स्त्रियाही होत्या. फडात पाण्याची व आडोशाची सोय नाही, पाळीत खाडा झाला तर मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, आणि अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवरही कर्करोगाची भीती घातली जाते. अशा कात्रीत ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अमलात आणण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

शस्त्रक्रियेनंतर काय होते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढले गेले तर इस्ट्रोजेन जवळजवळ एका दिवसात नाहीसे होते. निसर्ग जो बदल चार-पाच वर्षांत घडवितो, तो चौतिसाव्या वर्षी एका रात्रीत घडतो. वाफा, निद्रानाश, उदासी यांचा मारा अशा स्त्रियांवर अधिक तीव्रतेने होतो, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय जागेवर ठेवले तरी ते काहीसे लवकर थकण्याचा संभव असतो. आणि पाळीच येत नसल्याने हा बदल कधी सुरू झाला, हे कळण्याची खूणही उरत नाही. त्या बाईच्या चिडचिडीचा संबंध पाच वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेशी असेल, हे मग कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

अकाली रजोनिवृत्ती आलेल्या अशा स्त्रियांना, अन्य मनाई नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणे इष्ट मानले जाते. तेथे प्रश्न शरीराने वेळेआधी गमावलेले संप्रेरक भरून देण्याचा असतो, त्यामुळे साठीतल्या स्त्रियांचे आकडे त्यांना लावणे गैर आहे. गर्भाशय नसल्याने बहुधा प्रोजेस्टेरॉनचीही गरज नसते. म्हणजे ज्यांना हा उपचार सर्वाधिक आवश्यक व देण्यास सर्वांत सोपा, त्यांनाच तो बहुतेक मिळत नाही.

गावपातळीवर यात करण्यासारखे बरेच आहे. आशा कार्यकर्तीच्या घरभेटीत गरोदर माता व बालके यांची विचारपूस होते, तशीच पंचेचाळिशीच्या बाईचीही व्हावी. महिला ग्रामसभेत या विषयावर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे अर्ध्या तासाचे बोलणे ठेवता येईल. पुरुषांनाही तेथे बसू द्यावे, कारण घरातील समजूतदारपणा बव्हंशी त्यांच्या हाती असतो. शाळेत किंवा कार्यालयात पंखा असलेली जागा, स्वच्छतागृहाची सोय आणि रात्र जागून काढलेल्या सहकारी स्त्रीला थोडी सवलत, यांस फारसा खर्च येत नाही. सतत दोन आठवडे उदासी राहिली, अन्नावरची वासना गेली किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडी आले, तर थांबू नये. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग आहे, आणि २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

ज्यांचे पिशवीचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद शोधून ठेवावा. दोन्ही अंडाशय काढले, एक काढला की दोन्ही ठेवले, याची नोंद त्यावर असते. अनेक स्त्रियांना आपले नेमके काय काढले गेले हे ठाऊक नसते. कागद हरवला असल्यास रुग्णालयाकडे लेखी मागणी करून नोंदीची प्रत मिळविता येते. अर्ज लिहून देण्याचे काम ग्रामसेवक किंवा शाळेतील शिक्षक सहज करू शकतात. ती प्रत घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यास उपचाराचा निर्णय पुष्कळच सोपा होतो.