बिल्डर येईल, या भरवशावर

एप्रिल २०२१मध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथल्या ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ या समुद्रकाठच्या बारा मजली इमारतीत असोसिएशनच्या अध्यक्षांचं पत्र घरोघरी गेलं. दुरुस्तीचा खर्च दीड कोटी डॉलरवर पोचला होता. एका बेडरूमच्या फ्लॅटच्या वाट्याला सुमारे ८० हजार डॉलर, पेंटहाउसच्या वाट्याला तीन लाख ३६ हजार. गंगाजळीत आठ लाखही नव्हते. २४ जूनच्या पहाटे दीडच्या सुमारास इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली.

पैसे नव्हते म्हणून इमारत पडली, असं म्हणणं सोपं आणि अर्धवट आहे. मूळ रचनेतच उणिवा होत्या, हे सरकारी तपासात पुढे आलं. पण तरणतलावाच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, काँक्रीट खराब होतंय, हे इंजिनिअरनं २०१८मध्येच लिहून दिलं होतं. तेव्हाचा अंदाज होता ९१ लाख डॉलर. मग वाद, खडाजंगी, समितीतल्या बहुतेकांचे राजीनामे. तीन वर्षांत आकडा दीड कोटी झाला.

अमेरिकेत असा प्रसंग टाळण्यासाठी ‘रिझर्व्ह स्टडी’ नावाची पद्धत आहे. कॅलिफोर्नियात दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणीसह ती करणं कायद्यानं बंधनकारक आहे. छप्पर, लिफ्ट, पंप, बाहेरचा रंग अशा एकेका सामायिक गोष्टीची यादी करायची. तिचं उरलेलं आयुष्य आणि आजच्या भावानं बदलण्याचा खर्च मांडायचा. समजा, आपल्याकडे लिफ्ट बदलायला ३० लाख रुपये लागतात, आयुष्य २५ वर्षं आणि पंधरा संपली आहेत. म्हणजे आज तिच्या नावे १८ लाख जमा हवेत. असतील सहाच, तर निधी ३३ टक्के भरला. उरलेले २४ लाख दहा वर्षांत चाळीस फ्लॅटांनी जमवायचे तर महिन्याला पाचशे रुपये पुरतात. थांबलं तर दहाव्या वर्षी प्रत्येकाला ६० हजारांचा चेक फाडावा लागेल, आणि भाववाढ वेगळीच.

मग लोक पाचशे का देत नाहीत? कारण मत देणारा आणि बिल भरणारा एकच असतो असं नाही. पंधरा वर्षं लिफ्ट वापरून फ्लॅट विकणारा सुटतो, नवा घेणारा अडकतो. फ्लोरिडात तर बहुमतानं ठराव करून राखीव निधी भरणंच त्या वर्षापुरतं टाळता येत असे. २०२२च्या कायद्यानं तीन किंवा अधिक मजल्यांच्या इमारतींसाठी रचनेशी संबंधित भागांपुरती ही पळवाट बंद केली. त्यानंतर मासिक शुल्क असं भडकलं, की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कित्येकांना घर विकावं लागेल अशी ओरड झाली आणि २०२५मध्ये सरकारला थोडी सूट द्यावी लागली. चाळीस वर्षांची थकबाकी चार वर्षांत वसूल करायला गेलं, की दुसरं काय होणार?

महाराष्ट्रात हाच निधी ‘सिंकिंग फंड’ म्हणून मेंटेनन्सच्या बिलावर दिसतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का; दुरुस्ती-देखभाल निधी किमान पाऊण टक्का. बांधकाम खर्च धरायचा तो इमारत उभी राहताना झालेला, जमिनीची किंमत वगळून. १९९५मध्ये तो चार लाख असेल, तर सिंकिंग फंड वर्षाला हजार रुपये, आजही हजारच. तीस वर्षांचे तीस हजार आणि व्याज. ‘किमान’ या शब्दाकडे मात्र सर्वसाधारण सभेत कुणी बघत नाही. दर वाढवण्याचा अधिकार तिलाच आहे. या पद्धतीत किती गोळा करायचं ते ठरलेलं असतं, कशासाठी आणि कधी लागणार ते नाही.

जमा झालेलं तरी सुरक्षित असतं का? सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा कित्येक गृहनिर्माण सोसायट्यांच्या ठेवी तिथं अडकल्या.

मुंबई-पुण्यात या दुर्लक्षाला आजवर एक आधार होता: पुनर्विकास. तीन-चार मजली इमारत जीर्ण झाली की बिल्डर येईल, जादा एफएसआयवर (चटईक्षेत्रावर) टॉवर बांधेल, आपल्याला नवं घर आणि वर कॉर्पस म्हणून रक्कमही देईल. ज्यांच्याकडे जागा होती त्यांचं भागलं. पण त्या जागी उभ्या राहिलेल्या तीस-चाळीस मजल्यांच्या टॉवरचं काय? एफएसआय संपलेला, सहा-सहा लिफ्ट, आग विझवायचे पंप, सांडपाण्याचा प्रकल्प, पोडियमवर तरणतलाव. त्यांच्याकडे सहजासहजी कुणी बिल्डर फिरकणार नाही.

इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं उपविधी सांगतात. तो अहवाल हाती असायलाच हवा. त्याला लिफ्ट-पंपांची वयं आणि बदलण्याची कोटेशनं जोडली, सीएकडून वर्षवार तक्ता करून घेतला, की सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला पुरेसा कागद तयार होतो. फ्लॅट विकत घेणाऱ्यानं पार्किंग आणि व्ह्यू यांच्या आधी हाच कागद मागावा.