माहितीचे यंत्र आणि शेताचा उतारा

माहिती-तंत्रज्ञान हा शब्द जड वाटतो. परंतु खानापूर तालुक्यातील गुंजीसारख्या गावी ज्याने शेताचा उतारा हाताळला आहे, त्याला त्याचा निम्मा अर्थ कळलेलाच आहे. जमीन कोणाची, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा किती, ही झाली माहिती. ती साठविणे, पडताळणे, हवी तेव्हा शोधणे व दूरवर पोहोचविणे ही कामे संगणकाच्या साहाय्याने करण्याची विद्या म्हणजे माहिती-तंत्रज्ञान होय.

पूर्वी कर्नाटकात हे दप्तर तलाठ्याच्या हस्तलिखित वह्यांत असे. २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ योजनेने सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकात आणले. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने घ्यावयाचे आणि नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटवावयाची, हे नियम यंत्रणेतच बसविले गेले. यावरून दिसेल की, या क्षेत्रात आज्ञावली लिहिणारेच नव्हेत, तर नोंदी भरणारे, त्या तपासणारे, यंत्रे चालती ठेवणारे व साठा सुरक्षित राखणारेही लागतात.

मात्र यंत्राला खरेखोटे कळत नाही. वहीतील नावाची चूक आत गेली, तर ती तितक्याच सुबक अक्षरांत बाहेर येते आणि छापील म्हणून खरी वाटते. त्यातून उतारा कन्नडात, आणि घरची भाषा मराठी! म्हणून उतारा हाती येताच तो जाणत्याकडून वाचून घ्यावा, जुन्या कागदांशी ताडून पाहावा आणि चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज विनाविलंब द्यावा.