यांतली चांगली बाहुली कोणती?

पावसाळ्याच्या तोंडाशी मोहोपाड्याच्या बाजारात फेरी मारलीत, तर रस्त्याच्या कडेला शेवळ्यांच्या जुड्या मांडून बसलेल्या कातकरी बायका तुम्हांला दिसतील. सोबत एखादे आठ-नऊ वर्षांचे पोर असते. शेवळे नीट रांधले नाही तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. उतारा म्हणून भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. स्फटिकाचे नाव त्या पोराला ठाऊक नसेल. पण शेवळे कोठे उगवते आणि काकडाचे झाड कोणत्या उतारावर आहे, हे ते डोळे मिटून सांगेल. तेच पोर शाळेत मागच्या बाकावर गप्प बसते. का बरे? ‘लाजाळू आहे’, ‘त्यांच्यात तसेच असते’, अशी उत्तरे आपण चटकन देतो. ती शास्त्रीय उत्तरे नव्हेत.

उत्तर शोधायला आधी जरा लांब, अमेरिकेत जाऊ. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पती-पत्नी. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. दोन तपकिरी, दोन गोऱ्या. अंगाचा आणि केसांचा रंग सोडला तर चारही तंतोतंत सारख्या. मग एकेका मुलाला सांगितले, ‘तुला खेळायला आवडेल ती दे.’ सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी गोरी बाहुली उचलली. ‘वाईट दिसते ती दे’ म्हटल्यावर शेकडा ५९ मुलांनी तपकिरी बाहुली पुढे केली. शेवटी सांगितले, ‘तुझ्यासारखी दिसते ती दे.’ आता पंचाईत झाली! ज्या बाहुलीला नुकतेच वाईट ठरवले, तीच आपल्यासारखी. काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. पुढे १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा निकालपत्राच्या तळटीपेत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आला.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षांच्या पोराला हे शिकवले कोणी? कातडीने तर नक्कीच नाही. कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात, एवढाच फरक. कडक उन्हाच्या प्रदेशात ते अतिनील किरणांपासून बचाव करते. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली हिशेब मांडून दाखवला, की माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच जनसमूहाच्या आत सापडतात. रंगावरून जे ‘वंश’ आपण ठरवतो, त्यांच्या वाट्याला फार थोडा फरक उरतो.

रंगाची किंमत समाज ठरवतो. याचा दाखला आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या समुद्रात उभा आहे. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. अमेरिकेत आफ्रिकी माणसे बाजारात विकली जात होती, त्याच काळात येथे सिद्दी राज्य करीत होते आणि त्यांच्या आरमाराचा किनाऱ्यावर दरारा होता. हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. (आपल्याकडे गुलामगिरी नव्हती असे मात्र समजू नका. अहमदनगरची निजामशाही सावरणारा मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणूनच विकला गेला होता.)

आता आपल्या घरात डोकावू. विठोबाला आपण लाडाने सावळा म्हणतो आणि बाळंतघरी गेलो की बाळाच्या कानाच्या पाळ्या पाहून ते गोरे होणार की काळे, याचे भाकीत करतो. ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे,’ असे मावशी कौतुकाने म्हणते. त्या ‘तरी’मध्ये सगळे आले. मावशीच्या मनात वाईट नसते. पण कोपऱ्यात खेळणारी पोर तो ‘तरी’ ऐकत असते.

मग सावळ्या मुलांना स्वतःविषयी कमीपणाच वाटतो काय? येथे शास्त्रज्ञांनाही आपला अंदाज सुधारावा लागला. मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी १९६८ साली बाल्टिमोर शहरातील शाळकरी मुलांची पाहणी केली. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी आढळला नाही! कारण मूल स्वतःला जोखते ते आई, मित्र, शिक्षक अशा जवळच्या माणसांच्या नजरेतून. लांबच्या जगाचे मत त्याच्यापर्यंत तितके पोहोचत नाही. मात्र बहुसंख्य गोऱ्या मुलांच्या शाळेत एकटी-दुकटी पडलेली कृष्णवर्णीय मुले स्वतःला कमी लेखताना दिसली.

आता पुन्हा मोहोपाड्याला येऊ. कातकरी हे नाव पडले ते खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून. इंग्रजी अमलात जंगलांवर निर्बंध आले आणि तो धंदा बसला. नंतर कोळसा पाडणे, शेतमजुरी, वीटभट्टी. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट मानते, त्यांपैकी ही एक. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा तुटते. वाडीवर असेतो मूल निःशंक असते: चिंबोऱ्या धरणारे, झाडावर सरसर चढणारे, आजीचे लाडके. शाळेत मात्र त्याच्या बोलीला वर्ग हसतो आणि कोणीतरी त्याच्या जातीचे नाव शिवीसारखे उच्चारते. ज्या नजरांत त्याने स्वतःला पाहायचे, त्याच बदलतात. बाल्टिमोरची एकटी पडलेली मुले आठवतात ना? रसायनीच्या वसाहतीतून आलेला बाकावरचा शेजारी त्याला कोणत्या नावाने हाक मारतो, ही म्हणूनच किरकोळ गोष्ट नाही.

करून पाहण्याजोगे एक काम सांगतो. बाहुल्यांचा प्रयोग मात्र धाकट्या भावंडांवर करू नका. मुलाला रडवणारा प्रयोग हौसेने करायचा नसतो. त्याऐवजी आठ दिवस एक वही ठेवा. घरात, एस.टी.त, लग्नाच्या बैठकीत माणसाच्या रंगाविषयी कोणी काही बोलले, की ते वाक्य जसेच्या तसे टिपा. ‘पण’ आणि ‘तरी’ या शब्दांखाली रेघ ओढा. आपली स्वतःची वाक्येही सोडू नका.

आणि गुरुजी, बाई, शाळा उघडते तेव्हाच शेवळ्यांचा हंगाम असतो. स्फटिकांचा धडा त्या आठवड्यात घ्या. काकडाची फळे आणण्याचे काम मात्र मागच्या बाकावर सोपवा. ते झाड बाकीच्या वर्गाला ओळखता येणार नाही.