शेवटच्या घरापर्यंतची तार

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस केरी परगण्यात डोंगरांच्या कुशीत ‘ब्लॅक व्हॅली’ नावाचे एक खोरे आहे. १९४६ साली सुरू झालेली ग्रामीण विद्युतीकरणाची योजना या खोऱ्यात पोहोचावयास १९७० चे दशक निम्म्याहून अधिक उलटावे लागले. मुख्य भूमीवर वीज सर्वांत शेवटी मिळालेल्या वस्त्यांत त्याची गणना होते. याच खोऱ्यातील काही घरांवर २०२१ साली एका अमेरिकी कंपनीच्या उपग्रहांकडून इंटरनेट घेणाऱ्या तबकड्या बसविण्यात आल्या. सरकारी पुढाकाराने झालेला तो एक प्रयोग होता. पहिल्या वेळी राष्ट्राने, उशिरा का होईना, खांब रोवीत रोवीत त्या घरांपर्यंत जाणे पत्करले होते. दुसऱ्या वेळी जमिनीवरून येणाऱ्या तारेची वाट पाहता पाहता लोकांना आकाशाकडे पाहावे लागले.

आडबाजूच्या एकट्या घरासाठी देशाने किती लांब तार ओढावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि ती तार अखेर कोणाच्या मालकीची असावी, हे प्रश्न आयर्लंडमध्ये गेली काही वर्षे धुमसत आहेत. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारने दिली. तिसऱ्याचे उत्तरही दिले, पण ते समाधानकारक होते असे म्हणणे कठीण आहे.

विखुरलेली घरे

महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘खेडे’ म्हटले की गावठाण येते: चावडी, देऊळ, एकमेकांना टेकलेली घरे आणि भोवती शेते. आयर्लंडमधील ग्रामीण भाग असा नाही. तेथे प्रत्येक शेतकऱ्याचे घर बहुधा त्याच्या शेतातच, रस्त्यापासून आत, शेजाऱ्यापासून दूर उभे असते. कोकणातील पांगलेल्या वाड्यांची कल्पना केली तर या रचनेचा थोडाफार अंदाज येईल. देशातील साधारणतः चारांपैकी एक घर अशा सुट्या घरांत मोडते. त्यांना क्रमांक नाहीत, कित्येक रस्त्यांना नावे नाहीत. २०१५ पर्यंत त्या देशात देशव्यापी पिनकोडच नव्हता आणि पोस्टमनची स्मरणशक्ती हीच काय ती निर्देशिका होती. त्या साली प्रत्येक घराला स्वतंत्र संकेतांक मिळाला आणि तार कोणाकोणाला द्यावयाची याची नेमकी यादी करणे सोपे झाले.

ही घरे टिकली पाहिजेत, ही भावना तेथे किती खोल आहे हे समजण्यास त्या देशाचा इतिहास आठवावा लागतो. १८४१ साली संपूर्ण बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती. त्यानंतर बटाट्याचा दुष्काळ आला आणि मग शंभर वर्षे चाललेले देशांतर. स्वतंत्र झालेल्या सव्वीस परगण्यांची लोकसंख्या १९६१ साली अवघी अठ्ठावीस लाख उरली होती. ज्या राष्ट्राने आपली खेडी बोटीत बसून जाताना पाहिली, त्या राष्ट्रात ‘सोयी हव्या असतील तर शहरात या’ हे वाक्य अर्थशास्त्र म्हणून ऐकले जात नाही. ते जुन्या जखमेवर बोट ठेवते.

खांबांचे पहिले पर्व

म्हणूनच विद्युतीकरणाची कथा तेथे अजून आदराने सांगितली जाते. १९२७ साली स्थापन झालेले विद्युत पुरवठा मंडळ हे सरकारी मालकीचे होते. शॅनन नदीवरील आर्डनाक्रशाचे वीजकेंद्र १९२९ साली सुरू झाले, तरी शहरांबाहेर अंधारच होता. दुसरे महायुद्ध संपताच ग्रामीण योजना हाती घेण्यात आली. ५ नोव्हेंबर १९४६ रोजी डब्लिन परगण्यातील किलसॅलहन येथे पहिला खांब उभा राहिला, आणि पुढच्या जानेवारीत जवळच्या ओल्डटाउन गावात दिवे लागले. खांबांसाठी लागणारे लाकूड थेट फिनलंडहून बोटीने आणले गेले. सुरुवातीस भांडवली खर्चाचा निम्मा भार सरकारने उचलला होता.

या योजनेचे घटक होते धर्मग्रामे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्ती. मंडळाचे लोक घरोघर फिरून संमती मिळवीत. जेथे अपेक्षित उत्पन्नाचे खर्चाशी प्रमाण चांगले, तेथे तार आधी, असा नियम असल्यामुळे गावागावांत चढाओढ लागे. धर्मगुरू प्रवचनातून लोकांना नावे नोंदविण्यास सांगत; ग्रामीण स्त्रियांची संघटना वीज आणि नळाचे पाणी यांसाठी झटत होती. विरोधही होता. स्थिर आकार घराच्या क्षेत्रफळावरून ठरे, आणि गरीब शेतकऱ्याला तो जाचक वाटे. गवती छप्पर पेट घेईल अशी भीती होती. नाव नोंदवून, तार दाराशी आल्यावर ऐन वेळी माघार घेणाऱ्यांची संख्या इतकी होती की मंडळाच्या बोलीत त्यांच्यासाठी एक खास, फारसा आदरार्थी नसलेला शब्दच रूढ झाला. कित्येक घरांत पहिला विजेचा दिवा लागला तो येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे. तेलाची लाल पणती गेली आणि तांबडा बल्ब आला. श्रद्धेला विजेचे वावडे नव्हते. वावडे होते ते बिलाचे.

ही योजना पूर्ण व्हावयास तीन दशके लागली. शेवटची घरे तोट्याचीच होती, आणि हे सर्वांना ठाऊक होते. परंतु तोटा मंडळाच्या एकूण हिशेबात जिरून गेला, आणि उभे राहिलेले लक्षावधी खांब राष्ट्राच्या मालकीचे राहिले. शहरातील पत्राला आणि बेटावरील पत्राला सारखेच तिकीट लागावे, या टपालखात्याच्या जुन्या न्यायाचेच ते विस्तारित रूप होते.

विकलेल्या तारा

टेलिफोनच्या खांबांची कथा निराळी झाली. १९८४ साली टपाल व तार खात्यातून वेगळी काढलेली ‘टेलिकॉम एअरन’ ही सरकारी कंपनी १९९९ साली भागबाजारात विकण्यात आली. पाच लाखांहून अधिक सामान्य नागरिकांनी ३.९० युरो भावाने तिचे भाग घेतले. त्यांतील कित्येकांची ती आयुष्यातील पहिलीच भागखरेदी. दोन वर्षांत भाव कोसळले आणि या लोकांचे हात पोळले. पण खरे नुकसान भागधारकांचे नव्हे, देशाचे झाले. पुढील वीस वर्षांत ही कंपनी हातोहात फिरली. २००१ साली एका खासगी गुंतवणूकदार गटाकडे, २००४ साली पुन्हा बाजारात, २००६ साली एका ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेकडे, २०१० साली सिंगापूरच्या कंपनीकडे. कंपनी विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज बहुधा कंपनीच्याच डोक्यावर चढविले जाई. २०१२ साली सुमारे चार अब्ज युरोंच्या कर्जाखाली दबलेली ही कंपनी न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली. ज्या काळात इतर देश तांब्याच्या तारा काढून काचतंतूंच्या घालीत होते, त्या काळात आयर्लंडच्या ग्रामीण तारांचा मालक आपले व्याज कसे भरावे या विवंचनेत होता.

याच २०१२ साली सरकारने राष्ट्रीय ब्रॉडबँड योजना जाहीर केली. जेथे खासगी कंपन्या स्वतःहून जाणार नाहीत, तेथे सरकार अनुदान देऊन जाळे उभारून घेईल, असे तिचे सूत्र. निविदा निघाल्या २०१५ च्या अखेरीस. त्यानंतर जे झाले ते कोणत्याही देशातील निविदाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावे असे आहे. स्पर्धेत तीन गट होते. एप्रिल २०१७ मध्ये जुन्या टेलिफोन कंपनीने, जिचे नाव आता ‘एअर’ झाले होते, ग्रामीण भागातील तीन लाख घरे आपण अनुदानाविनाच जोडू असा करार सरकारशी केला. ही घरे अर्थातच गावांच्या कडेची, सोयीची होती. दुधावरची साय अशी निघाल्यावर सरकारच्या वाट्यास उरली ती सुमारे ५ लाख ४० हजार अत्यंत विखुरलेली ठिकाणे. लोकसंख्येच्या २३ टक्के, पण देशाच्या ९६ टक्के भूभागावर पसरलेली. त्याच वर्षी सप्टेंबरात विद्युत मंडळ आणि व्होडाफोन यांच्या संयुक्त कंपनीने स्पर्धेतून अंग काढून घेतले. जानेवारी २०१८ मध्ये एअरही बाहेर पडली. एकच गट उरला, आणि त्यातूनही भागीदार गळत गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दळणवळणमंत्री डेनिस नॉटन यांना या गटाच्या प्रमुखाशी झालेल्या खासगी भोजनभेटींवरून राजीनामा द्यावा लागला. पुढे झालेल्या चौकशीत निविदाप्रक्रियेस बाधा आली नसल्याचा निष्कर्ष निघाला, हेही नमूद केले पाहिजे.

पैसा आणि मालकी

मे २०१९ मध्ये सरकारने खर्चाचा आकडा सांगितला: करांसह आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद धरून तीन अब्ज युरोंपर्यंत अनुदान, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तेवीस-चोवीस हजार कोटी रुपये. दर घरामागे हा बोजा साडेपाच हजार युरोंच्या आसपास पडतो. सार्वजनिक खर्च खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ही योजना स्वीकारू नये असा स्पष्ट लेखी सल्ला दिला होता आणि तो प्रसिद्धही झाला. पुढच्याच महिन्यात एअरने संसदीय समितीपुढे हे काम एक अब्जाच्या आत होईल असे सांगून सरकारची पंचाईत केली. तो प्रस्ताव योजनेच्या अटींत बसत नाही, असे उत्तर तिला मिळाले. सल्ला डावलून पुढे जाण्याचा निर्णय पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या मंत्रिमंडळाचा. वराडकरांचे वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर आणि घराण्याचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, हे मराठी वाचकास ठाऊक असेलच. करारानंतर अवघ्या सहा आठवड्यांत, डिसेंबर २०१९ च्या अखेरीस, ते वराडला येऊन गेले.

अधिकाऱ्यांचा सल्ला अडाणी नव्हता. इतक्या पैशात घरे, रुग्णालये, रेल्वे यांची किती कामे झाली असती, हा प्रश्न रास्त आहे. बिनतारी तंत्र आणि उपग्रह सुधारत असताना दूरवरच्या घरासाठी तार ओढणे म्हणजे उद्या मोडीत निघणाऱ्या वस्तूवर खर्च करणे, असाही आक्षेप होता. परंतु डोंगराळ भागात बिनतारी लहरी अडतात आणि गर्दी झाली की मंदावतात. काचतंतू एकदा पडला की टोकांची यंत्रे बदलून त्याच तारेची क्षमता कितीतरी पट वाढविता येते. दशकानुदशके टिकणारी वस्तू म्हणून पाहिले तर साडेपाच हजार युरो ही उधळपट्टी ठरत नाही. करार होऊन चार महिने होतात न होतात तोच महासाथ आली, शाळा बंद झाल्या, आणि मुलाचा पाठ ऐकण्यासाठी ग्रंथालयाच्या आवारात गाडी उभी करणाऱ्या पालकाला हा वाद समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

म्हणून खर्चाच्या बाबतीत वराडकर सरकारचा निर्णय बरोबर होता, असेच म्हणावे लागते. चूक आहे ती मालकीच्या कलमात. कराराची मुदत पंचवीस वर्षांची. ती संपल्यावर हे जाळे राष्ट्राचे होणार नाही, कंपनीचेच राहील. नफा मर्यादेपलीकडे गेल्यास सरकारला त्यात वाटा मिळण्याची तरतूद आहे; पण वाटा म्हणजे मालकी नव्हे. दुसरी गोष्ट अधिकच बोचणारी आहे. नवी तार मोठ्या प्रमाणावर जाते ती जुन्याच टेलिफोन खांबांवरून आणि जमिनीखालील नळ्यांतून, आणि त्यांसाठी योजनेला एअरला भाडे मोजावे लागते. हेच खांब १९९९ पर्यंत लोकांचे होते. लोकांनी ते आधी कररूपाने उभारले, मग भागभांडवलाच्या रूपाने पुन्हा विकत घेऊन पैसे गमावले, आणि आता अनुदानाच्या रूपाने त्यांचे भाडे भरीत आहेत. स्वतःचे घर विकून त्याच घरात भाडेकरू म्हणून राहणाऱ्याची गत याहून वेगळी नसते.

काम मात्र चालू आहे. २०२१ च्या आरंभी कॉर्क परगण्यातील कॅरिगलाइनजवळ पहिली घरे जोडली गेली. तार येईपर्यंत सुमारे तीनशे सभागृहे, क्रीडामंडळे, शाळा आणि बेटांवरील केंद्रे आधी जोडून तेथे लोकांची सोय करण्यात आली. २०२५ पर्यंत तीन लाखांहून अधिक घरांच्या दाराशी तार पोहोचली होती आणि एक लाखाहून अधिक ग्राहकांनी ती आत घेतली होती. दाराशी तार येऊनही न घेणारे अर्थात आहेतच; १९४७ साली माघार घेणाऱ्यांचे हे नातू म्हणावेत काय, असा खट्याळ प्रश्न मनात येतो. ज्यांनी घेतली त्यांच्यात शेताचे अर्ज भरणारा शेतकरी आहे तसा डब्लिनची नोकरी घरी बसून करणारा हिशेबनीसही आहे. २०२२ च्या जनगणनेत कामकऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक आठवड्यातून एखादा दिवस तरी घरून काम करीत असल्याचे दिसले. आयरिश भाषा अजून बोलली जाते अशा पश्चिम किनाऱ्यावरील भागांत तीसहून अधिक सामायिक कार्यालये उघडण्यात आली आहेत. तेथील तरुणाला गाव सोडावा लागला तर त्याच्याबरोबर भाषेचाही एक बोलणारा जातो. या पट्ट्यात तारेचा हिशेब केवळ युरोंत होत नाही.

२४ जानेवारी २०२५ रोजी ‘एओविन’ नावाचे वादळ पश्चिम किनाऱ्यावर आदळले. गॉलवे परगण्यातील मेस हेड येथे वाऱ्याचा वेग ताशी १८४ किलोमीटर नोंदला गेला; १९४५ पासूनचा उच्चांक त्या दिवशी मोडला. सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि तिच्याबरोबर विजेचे तसेच टेलिफोनचे खांब हजारोंनी आडवे झाले. विजेचे खांब उभे करण्यास सार्वजनिक मंडळाची माणसे निघाली आणि शेजारच्या देशांतूनही पथके मदतीस आली. टेलिफोनचे खांब ज्यांचे, ज्यांच्यावरून काचतंतूंची नवी तार गेलेली, ते उभे करण्याची जबाबदारी त्यांच्या मालकाची होती. आणि आडबाजूच्या कित्येक घरांना वीज परत आल्यानंतरही फोन व इंटरनेट यांसाठी आणखी वाट पाहावी लागली.