जुनी जीप, नवी दुखणी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या युसूफ वडगावचे एक निवृत्त गुरुजी उजव्या डोळ्यावर रुमाल धरून दवाखान्यात आले. डोळा लालभडक झालेला, पाण्याची धार लागलेली. बुबुळावर लोखंडाचा वरवरचा बारीक कण अडकला होता. डोळा बधिर करून मी तो काढला, थेंब लिहून दिले. बाहेर रोग्यांची रांग होती. कण गेला कसा, हे विचारायचे राहून गेले.

आठ दिवसांनी गुरुजी परत आले. आता हातांची कातडी सुकून भेगाळली होती आणि हातांना पेट्रोलचा वास येत होता. तेव्हा कुठे मी विचारले, "गुरुजी, सध्या काय उद्योग चाललाय?"

"काही नाही डॉक्टरसाहेब, जुनी जीप घेतली. घरीच खोललीय. नातू हाताखाली असतो."

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. कामधंद्यामुळे होणाऱ्या रोगांवर त्यांनी १७०० साली ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा असे सांगितले : तू काम काय करतोस? तीन शतकांपूर्वीचा हा धडा मी पहिल्या भेटीत विसरलो होतो.

संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. गोठ्याच्या पत्र्याखाली जीपचा सांगाडा विटांवर उभा होता. जीप म्हणजे आपल्या भागाची जुनी सोबतीण. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे युनिसेफने दिलेल्या जीपगाड्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दारात उभ्या राहिल्या. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून अडलेल्या बाळंतिणीला आणायला जीपच हवी असे. त्यामुळे गुरुजींची हौस मला कळत होती. परंतु सहा वर्षांचा नातू पॉलिश कागदाने मडगार्ड घासत होता आणि त्याच तांबड्या हातांनी मधूनमधून चिवडा खात होता, ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

रंगाची धूळ

जुन्या गाड्यांच्या रंगात, विशेषतः पिवळ्या-नारिंगी रंगात आणि गंज रोखणाऱ्या शेंदरी अस्तरात, शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. जुन्या गाडीचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासला की शिसे धुळीत मिसळते, हाताला लागते आणि घासाबरोबर पोटात जाते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाच्या शरीरात चार-पाच पट अधिक शोषले जाते. त्याने रक्त कमी होते, पोट दुखते, शौचास साफ होत नाही. सर्वांत वाईट म्हणजे मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तोही बाहेरून काही न दिसता. शिशाची निर्धोक अशी पातळीच नाही.

म्हणून रंग नेहमी पाण्याने ओला करून घासावा. ब्लो लॅम्पने जाळू नये, त्याने शिशाची वाफ नाकात जाते. कामाचे कपडे निराळे ठेवावेत व निराळे धुवावेत. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तोंडाला एन-९५ मास्क लावावा. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी त्या जागी फिरकूच नये.

ब्रेकमधली भुकटी

ड्रम उघडला की आत राखाडी भुकटी साचलेली दिसते. आपल्याकडे सर्रास ती हवेच्या पंपाने फुंकून काढतात. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये व क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असे. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू फुफ्फुसात रुतून बसतात. दम लागणे, फुफ्फुसाचा कर्करोग, फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग हे रोग वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. तेव्हा त्या भुकटीची आठवणही उरलेली नसते. रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत. भुकटी फुंकू नका, झटकू नका. साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

पेट्रोल तोंडाने ओढणे

नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढण्याचा पराक्रम मीही तरुणपणी केला आहे, त्यामुळे उपदेश करताना थोडी लाज वाटते. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर काही तासांत रासायनिक न्यूमोनिया होतो. असे झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा फुफ्फुसात जाते. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. पेट्रोलने हात धुऊ नयेत, कातडी फाटते आणि त्यातील बेंझिनसारखे घातक घटक कातडीतूनही अंगात जातात. गोडेतेल चोळून मग साबण लावावा. आणि रिकाम्या टाकीला कधीही वेल्डिंग करू नये. आत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची, बॉम्बसारखी फुटते.

जखम, डोळा आणि धूर

गंजलेल्या पत्र्याने धनुर्वात होतो, असा आपला समज आहे. खरे तर धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात. गुरुजींचा कारखाना तर गोठ्यातच. दर दहा वर्षांनी टीडीची लस घ्यावी. जखम खोल व मळकी असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे झाली असतील तर लगेच दवाखान्यात जावे.

ग्राइंडर चालवताना चष्मा हवाच. डोळ्यातला कण जिभेने किंवा काडीने काढू नका. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे होते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि हिवतापाचा भास होतो. अशा वेळी डॉक्टरला वेल्डिंग केल्याचे जरूर सांगा.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखू लागले, मळमळले, झोप येऊ लागली तर तत्काळ उघड्यावर या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, आणि विटांवर तर मुळीच नको, त्या अचानक फुटतात. लोखंडी घोड्या किंवा जाड लाकडी ओंडके लावा. दोन भागांच्या बोल्टच्या रिमची चाके असतील तर बोल्टना हात लावण्यापूर्वी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा. हवा असताना बोल्ट ढिला केला तर रिम तोफगोळ्यासारखी उडते.

नातवाचे रक्त

गुरुजींना हे सारे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. नातवाच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घेतली. १०० मिलिलिटर रक्तात ८ मायक्रोग्रॅम निघाले. पातळी ५ वा त्याहून अधिक असेल तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या पातळीला औषध लागत नाही. घासकाम बंद केले, घर ओल्या फडक्याने पुसून घेतले, जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावली. शेंगदाणे, पालेभाजी, दूध वाढवले, कारण लोह व कॅल्शियम पुरेसे असले की शिसे कमी शोषले जाते. तीन महिन्यांनी पातळी ४ वर आली. पुढेही तपासत राहू.

जीप पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. मडगार्ड आता पाणी मारून घासले जाते, विटांच्या जागी ओंडके आले आहेत, आणि नातू गोठ्याच्या दाराबाहेर बसून पाने मोजून देतो. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालायचा, असे दोघांचे ठरले आहे.

गुरुजींच्या परवानगीने, त्यांचे नाव न घेता हे लिहिले. वाचकहो, आपल्याही दारात एखादी जुनी गाडी खोलून पडली असेल. हौस जरूर करा. मात्र दवाखान्यात याल तेव्हा आपण काय काम करता ते डॉक्टरांनी न विचारताही सांगा. आम्ही कधीकधी विचारायचे विसरतो.