रानांतील रंगीत पेल्याचें अळंबें

पावसाळ्यांत सह्याद्रीच्या दाट रानांत गळून पडलेल्या फांद्यांवर गुलाबी, नारिंगी किंवा पिवळसर रंगाचे लहान पेले उगवलेले आढळतात. गुराखी पोरें ते खुडून घरीं आणतात आणि मग दोन प्रश्न निघतात: हा झाडांचा रोग तर नव्हे? आणि हें खाण्याजोगें आहे काय?

शास्त्रज्ञ या अळंब्यास 'कुकीना' म्हणतात. इंग्रज बुरशीतज्ज्ञ मॉर्डेकाय क्युबिट कूक यांच्या नांवावरून हें नांव पडलें. खतपत्रांत चतुःसीमा पाहिल्याशिवाय जमीन ओळखतां येत नाहीं. तद्वत् येथेंही नुसत्या रंगावर भिस्त ठेवूं नये. प्रथम तें कशावर उगवलें आहे तें पाहावें. कुकीना मेलेल्या लांकडावर येतें. लांकूड पाचोळ्याखालीं दडलें असल्यास पेला मातींतून वर आल्यासारखा भासतो, म्हणून बोटानें उकरून खात्री करावी. पेल्यास बहुधा बारीक देंठ असतो. एका जातीच्या बाहेरील अंगावर व कांठावर लांब केस असतात. दुसरीच्या कांठाशीं आंखूड केस असून ते भिंगांतून नीट दिसतात. छत्रीच्या अळंब्यास खालीं पडदे असतात, तसे यास नसतात. यांचें बीज पेल्याच्या आंतील रंगीत अस्तरांत, सूक्ष्म नळ्यांत, दर नळींत आठ याप्रमाणें असतें. पेल्यावर हलकी फुंकर घातली असतां कित्येकदां त्यांतून धुरासारखा लोट उठतो, तो या बीजांचाच होय.

उकिरड्यावर उगवणारे राखी-तपकिरी इवले पेले निराळे. त्यांच्या तळाशीं अंड्यांसारखे चपटे दाणे असतात. इंग्लंडांत हिवाळ्याच्या अखेरीस दिसणारा लालभडक पेला तर याच कुळांतला, पण निराळा, आणि तोही पडलेल्या लांकडावरच येतो. यास्तव तिकडील पुस्तकांतील चित्राशीं नुसता रंग ताडून पाहणें व्यर्थ आहे.

कुकीना मेलेलें लांकूड कुजवून त्याची माती करतें. त्यावर औषध मारणें म्हणजे पैका वायां घालविणें होय.

खाण्यासंबंधीं मात्र सावध असावें. मलेशियांतील कांहीं वनवासी लोक हें खातात. पण त्यांची ओळख पिढीजात आहे. चांदीचें नाणें काळें पडतें कीं नाहीं, किड्यांनीं खाल्लें आहे कीं नाहीं, या परीक्षा सर्वस्वी खोट्या आहेत. शिवाय पोरांच्या टोपलींत पेल्यांबरोबर पांढऱ्या छत्र्याही येतात, आणि खरा धोका त्यांत असतो. कांहीं विषारी छत्र्यांची बाधा सहा तासांहून उशिरां दिसूं लागते. वांत्या थांबून रोग्यास बरें वाटतें आणि पुढें यकृत बिघडतें. म्हणून अनोळखी अळंबें पोटांत गेलें असल्यास वांतीची वाट न पाहतां रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें, आणि उरलेलीं अळंबीं कागदांत गुंडाळून सोबत न्यावीं.