जमिनीखालची प्राचीन वस्ती: रडार कुठे पाहते आणि कुठे आंधळे होते

रोमच्या उत्तरेस सुमारे 50 किलोमीटरवर फालेरी नोव्ही हे रोमन नगर शेतांखाली गाडलेले आहे. इ. स. पूर्व 241 मध्ये वसलेल्या या नगराचा सविस्तर आराखडा केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी उत्खनन करावे लागले नाही. क्वाड बाइकमागे भूभेदी रडार ओढून 30.5 हेक्टर क्षेत्र पिंजून काढले गेले. त्यातून मंदिर, स्नानगृह, बाजारपेठ आणि जलवाहिन्यांचे जाळे समोर आले.

या रडारचे तत्त्व सोपे आहे. रेडिओलहरी जमिनीत सोडल्या जातात. माती आणि दगडी भिंत यांच्या सीमेवर त्यांचा काही अंश परावर्तित होतो आणि परतीला लागलेल्या वेळेवरून खोली काढता येते. चुंबकमापक हे दुसरे साधन भाजलेल्या मातीमुळे, म्हणजे चुली व भट्ट्यांमुळे, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात होणारे सूक्ष्म बदल टिपते. विद्युतरोध मोजण्याच्या पद्धतीत कोरडी भिंत आणि ओलसर खंदक वेगळे ओळखू येतात.

हेच रडार आल्मेरेत आणले, तर मात्र ते फारसे काही दाखवणार नाही. रोमन साम्राज्याची सीमा येथून सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेस, आजच्या उट्रेख्टमधून जाणाऱ्या ऱ्हाइनच्या प्रवाहावर होती. आल्मेरेच्या परिसरात तेव्हा रोमन लेखकांना ‘फ्लेव्हो’ या नावाने परिचित असलेले सरोवर होते. दक्षिण फ्लेव्होलँडची जमीन 1968 मध्ये पाण्याबाहेर आली आणि आल्मेरेत पहिले रहिवासी 1976 मध्ये आले. तरीही या तरुण शहराखाली रोमपेक्षा हजारो वर्षे जुन्या, अश्मयुगीन माणसाच्या खुणा आहेत. ए-27 महामार्गाच्या बांधकामावेळी होगे व्हार्ट येथे चुलींचे अवशेष, मातीची भांडी आणि मासे पकडण्याचे बांध सापडले.

या खुणा चिकणमाती आणि पीट यांच्या थरांखाली, वाळूच्या जुन्या उंचवट्यांवर आहेत. ओली चिकणमाती विजेची चांगली वाहक असल्याने रडारलहरींची ऊर्जा थोड्याच खोलीवर शोषली जाते. शिवाय येथे दगडी भिंती नाहीत; गारगोटीच्या कपच्या आणि कोळसा शोधायचा असतो. म्हणून येथे ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून मातीचे नमुने काढले जातात आणि चाळणीतून धुऊन तपासले जातात.

ही तपासणी केवळ अभ्यासकांपुरती नाही. पाण्याची पातळी खाली गेली की जमिनीत हवा शिरते आणि लाकूड, हाडे यांसारखे सेंद्रिय अवशेष कुजू लागतात. पायाचे खांब तर ते कायमचे फोडतात. नेदरलँड्समध्ये 2007 पासून लागू असलेल्या तत्त्वानुसार, जमिनीत हस्तक्षेप करणाऱ्यालाच पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च उचलावा लागतो. नवी वसाहत कोठे उभी राहील, हे त्यामुळे काही अंशी या छिद्रांतून ठरते.

महाराष्ट्रालाही हा धडा लागू आहे. रोमन व्यापाराशी जोडलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि पोसायडनची कांस्यमूर्ती मिळालेले कोल्हापूरचे ब्रह्मपुरी ही दख्खनच्या बेसाल्टी प्रदेशातील स्थळे आहेत. तेथील काळी चिकण माती रडारलहरी शोषते, तर बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने चुंबकमापकाचे वाचन गोंधळात टाकू शकतो. म्हणून साधन निवडण्याआधी माती समजून घ्यावी लागते. रडारच्या पडद्यावर काही दिसले नाही, तर खाली काही नाही असा निष्कर्ष काढणे, हीच वारसा गमावण्याची सुरुवात ठरते.